ट्रकची केबिन : चालकाच्या घराची निगा

मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर महामार्गाला पाटोदा आणि केजकडचे रस्ते मिळतात. इथून जाणाऱ्या ट्रकांची केबिन म्हणजे चालकाचं घरच. ती नव्याने करून घेताना एवढं पाहाच:

🔸 आधी गळती, मग सजावट. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं, मॅटखाली साचतं आणि पत्रा सडतो. गंज घासा, रेड ऑक्साइड मारा, मगच नवी मॅट टाका.

🔸 प्लाय वॉटरप्रूफच घ्या. कापलेल्या कडांना प्रायमर लावा. प्लाय फुगतो तो कडेनेच.

🔸 मोठ्या ट्रकची वायरिंग बहुधा 24 व्होल्टची असते. 12 व्होल्टच्या पंख्यासाठी कन्व्हर्टर लावा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोड घेतला, तर चार्जिंग असमान होऊन दोन्ही लवकर खराब होतात. प्रत्येक जोडाला फ्यूज हवाच; फ्यूजच्या जागी तार कधीच नको.

🔸 गादी रोज उभी करून वाळवा, रेक्झिन ओल्या फडक्याने पुसा.

आणि कळकळीची विनंती : बंद केबिनमध्ये शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेतच जीव घेतो.