भिंगांची जोडणी, कॅमेऱ्याच्या

कॅमेऱ्यावर भिंग किंवा टेलिकन्व्हर्टर बसविण्याच्या व काढण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. भिंगाचे आसन आणि प्रकाशसंवेदी पटल यांतील अंतर अचूक राहिले, तरच प्रतिमा स्पष्ट उमटते. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ जोडणीत हे अंतर ४६.५ मिमी. आहे, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी २०१८ मध्ये आलेल्या झेड जोडणीत ते १६ मिमी. आहे. आसनाच्या धातूची झीज किंवा वाक यांमुळे प्रतिमेची एक बाजू अस्पष्ट होऊ शकते.

रचना : प्रारंभीच्या अनेक कॅमेऱ्यांत भिंग आट्यांनी फिरवून बसवीत. पुढे बेयोनेट जोडणी रूढ झाली. तीत भिंगाच्या मागील कड्यावरील पाकळ्या कॅमेऱ्याच्या खाचांत शिरतात. भिंग थोडे फिरविताच स्प्रिंगवरील खीळ खाचेत बसून ‘टक्’ असा आवाज होतो. समोरून पाहता निकॉनचे भिंग घड्याळाच्या काट्यांच्या उलट, तर कॅननचे काट्यांच्या दिशेने फिरवून बसवितात.

पद्धत : प्रथम कॅमेरा बंद करतात. बसवावयाच्या भिंगाचे मागील झाकण सैल करून ते हाताशी ठेवतात. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून व खिळीचे बटण दाबून जुने भिंग काढतात आणि नवे भिंग खुणा जुळवून लगेच बसवितात. बसविताना बटण दाबू नये. अन्यथा खीळ न अडकता भिंग निसटण्याचा संभव असतो. जोर लावावा लागल्यास खुणा जुळल्या नाहीत असे समजून पुन्हा आरंभ करावा. काढलेल्या भिंगास तत्काळ झाकण लावावे. जड व लांब भिंग असल्यास भिंगाचे कडे तिपाईवर पक्के करून कॅमेरा भिंगास जोडतात. कारण केवळ कॅमेऱ्याच्या आधाराने भिंग लोंबकळल्यास आसनावर ताण पडतो.

टेलिकन्व्हर्टर : हा भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये बसतो. १.४ पट वाढ देणाऱ्याने ३०० मिमी. एफ/४ भिंग ४२० मिमी. एफ/५.६ होते, दुप्पट वाढ देणाऱ्याने ते ६०० मिमी. एफ/८ होते. म्हणजे प्रकाश अनुक्रमे निम्मा व चतुर्थांश उरतो. काही टेलिकन्व्हर्टरांचे पुढील भिंग बाहेर आलेले असते. ते मुख्य भिंगाच्या मागील काचेवर आदळू शकते. म्हणून निर्मात्याने अनुरूप ठरविलेल्या भिंगांवरच तो वापरावा. कॅननच्या आरएफ १००–५०० मिमी. भिंगावर तो बसविण्यापूर्वी केंद्रांतर ३०० मिमी.च्या पुढे न्यावे लागते. सामान्यतः टेलिकन्व्हर्टर आधी भिंगास व नंतर दोन्ही मिळून कॅमेऱ्यास जोडतात. काढताना क्रम उलट असतो.

धूळ व दमट हवा : नवी मुंबईतील कोपरखैरणे हे ठाणे खाडीच्या पूर्वेकडील उपनगर होय. खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मोठे व लहान असे दोन्ही जातींचे रोहित पक्षी (अग्निपंख) येतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्षी दूर चिखलात चरत असल्याने छायाचित्रकारास लांब भिंग व टेलिकन्व्हर्टर लागतो. मात्र खारी, दमट हवा व रस्त्यावरील धूळ यांमुळे उघड्यावर भिंग बदलणे जोखमीचे ठरते. म्हणून शक्यतो घरूनच जोडणी करून निघावे. वाटेत बदलणे भाग पडल्यास वाऱ्याकडे पाठ करून किंवा पिशवीच्या आडोशाने बदलावे. वातानुकूलित मोटारीतून बाहेर येताच गार काचेवर बाष्प साचते. तेव्हा साहित्य काही वेळ बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानास येऊ द्यावे. परतल्यावर बाह्यांग किंचित ओलसर व नंतर कोरड्या मऊ कापडाने पुसावे. विद्युत् स्पर्शकांस बोट लावू नये. पटलावरील धूळ रबरी फुग्याने उडवावी. तोंडाने फुंकल्यास लाळेचे कण आत जातात. भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे इष्ट असते.