चिमणीच्या पंखावरचे तीन ठिपके

तळेगाव दाभाडे येथील एखाद्या शाळेने चिऊ-काऊचा एक मिनिटाचा चलच्चित्रपट करायचे ठरवले, तर चिमणी कशी काढावी? चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा टिपले, तरी मिनिटाला ७२० चित्रे लागतात. चिमणीच्या पंखावर हौसेने तीन ठिपके दिले, की झाले २१६० ठिपके! शिवाय हाताने काढलेला ठिपका दर चित्रात किंचित सरकतो आणि पडद्यावर थरथरतो. म्हणून ठिपके गाळावेत, ओळख बाह्यरेषेवर सोपवावी. चिऊ वाटोळी, काऊ लांबट आणि मोठ्या चोचीचा. दोघांना पूर्ण काळे रंगवून पाहा. नुसत्या सावलीवरून पहिलीतल्या मुलाला ते ओळखता आले पाहिजेत.

तळेगावजवळच्या लोणावळ्यात एकेकाळी छपाईचे काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात रेखाटनच टाळले. काडी जराशी सरकवायची, चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. काडीला ना डोळे, ना तोंड. पण चाल जमली की प्रेक्षकच तिच्यात जीव ओततो. आमच्या मते शाळेने आरंभ येथूनच करावा (गुल काढलेल्या काड्या घेऊन!). कॅमेरा किंवा मोबाइल मात्र घट्ट बांधावा आणि खिडकीतल्या उन्हात काम करू नये. ढग आला की चित्र लुकलुकते.