एकराचे गुंठे आणि समीकरणाचे छेद

पाऊण एकराचे गुंठे किती, असं औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या शेतकऱ्याला विचारा. तीस हे उत्तर तोंडावर तयार असतं. आठवा हिस्सा म्हणजे पाच गुंठे, सव्वा एकर म्हणजे पन्नास. वाटणीच्या बोलण्यात एकराचे तुकडे कुणी फार वेळ घोळवत बसत नाही. ४० ने गुणून हिशोब गुंठ्यांत नेला की आकडे पूर्ण होतात आणि बोलणं पुढे सरकतं. त्याच घरातलं आठवीतलं पोर मात्र वहीत क्ष/२ + क्ष/३ दिसलं की पेन चावत बसतं. त्याला करायचं असतं ते आजोबा रोज करतात तेच: योग्य संख्येने गुणायचं आणि छेद घालवायचे.

ती योग्य संख्या कोणती, हाच काय तो प्रश्न. ४० ही संख्या अर्ध्याला, पावाला, पाचव्याला, आठव्या हिश्शाला चालते. तीन भावांत एकर वाटायला घेतला की तिथे अडतं, कारण तिसरा हिस्सा १३ गुंठे आणि वर एक तृतीयांश. जुन्या रुपयाचंही तसंच होतं. रुपयाचे १६ आणे, त्यांचे तीन समान भाग होत नाहीत. पण आण्याच्या १२ पै मोडल्या की रुपयाच्या १९२ पै होतात आणि तिसरा हिस्सा ६४ पै बरोब्बर निघतो. म्हणजे सगळ्या छेदांनी ज्या संख्येला निःशेष भाग जातो ती निवडायची. अशी सर्वांत लहान संख्या म्हणजे लसावि. त्याहून मोठी संख्या घेतली तरी उत्तर चुकत नाही, फक्त गुणाकार वाढतात.

आता एक गणित. एका शेतकऱ्याने निम्म्या रानात सोयाबीन पेरलं, एक तृतीयांश रानात हळद लावली आणि उरलेल्या २ एकरांत तूर टाकली. रान एकूण किती? रान क्ष एकर मानू.

क्ष/२ + क्ष/३ + २ = क्ष

छेद २ आणि ३, लसावि ६. दोन्ही बाजूंना ६ ने गुणायचं. समीकरणाच्या दोन बाजू सारख्या आहेत, तर त्यांच्या सहापटीही सारख्याच असणार. या पायरीला एवढा एकच आधार आहे आणि तो पुरेसा आहे. क्ष/२ ची सहापट ३क्ष, क्ष/३ ची २क्ष, २ ची १२ आणि उजवीकडे ६क्ष.

३क्ष + २क्ष + १२ = ६क्ष

५क्ष + १२ = ६क्ष. दोन्हीकडून ५क्ष वजा केले की क्ष = १२. रान बारा एकर. वर्गात ही पायरी ‘इकडचं तिकडे नेलं की चिन्ह बदलतं’ अशी पाठ करून घेतात. चालतं तसंही, पण काहीही कुठे जात नसतं. दोन्ही बाजूंमधून सारखंच काढलेलं असतं, हे एकदा पोरांना दाखवलं की चिन्हाची भीती निम्मी कमी होते असं माझं मत आहे.

ताळा: निम्मे ६, तिसरा हिस्सा ४, उरले २. बेरीज १२. जमलं.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक कोणती? ६ ने गुणताना ज्या पदाला छेद नाही ते तसंच सोडून दिलं जातं. ‘२ ला कुठे छेद आहे?’ असं वाटून ३क्ष + २क्ष + २ = ६क्ष लिहिलं जातं आणि क्ष = २ येतो. आता ताळा करा. दोन एकरांचं निम्मं १, तिसरा हिस्सा पाऊण एकरालाही कमी, आणि तूर मात्र अख्ख्या २ एकरांत! एकूण रानच दोन एकर असताना हे कसं बसणार? सहापट करायची ती अख्ख्या बाजूची, फक्त छेद असलेल्या पदांची नव्हे. ज्याला छेद दिसत नाही त्याखाली १ आहे असं समजून सुरुवातीला २/१, क्ष/१ असं लिहायची सवय लावली तर हा घोटाळा टळतो.

पुढचं गणित हळदीचं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या आणि वसमतच्या मोंढ्यात जी येते ती शिजवून, वाळवून, घासून चकाकी आणलेली हळद. रानातून निघते ती ओली. तिच्यातून पुढच्या लागवडीचं बेणं बाजूला काढतात, बाकीची शिजवतात, आणि वाळल्यावर वजन साधारण पाचव्या हिश्शावर येतं. वाण आणि जमीन बदलली की हा हिस्साही थोडा खालीवर होतो.

दोन भावांची ओली हळद सारखीच निघाली. थोरल्याने १० क्विंटल बेणं ठेवलं, बाकीची वाळून पाचवा हिस्सा राहिली. धाकट्याला पुढच्या साली लागवड वाढवायची होती, त्याने २० क्विंटल ठेवलं. त्याची हळद पाणथळ रानातली, वाळून सहावा हिस्साच उरली. थोरल्याची वाळलेली हळद धाकट्यापेक्षा ४ क्विंटल जास्त भरली. तर प्रत्येकाची ओली हळद किती?

(क्ष − १०)/५ − (क्ष − २०)/६ = ४

लसावि ३०. पहिल्या पदाला ३० ने गुणल्यावर ५ चा छेद जातो आणि बाहेर ६ उरतात, दुसऱ्याचा ६ जातो, ५ उरतात, उजवीकडे १२०.

६(क्ष − १०) − ५(क्ष − २०) = १२०

इथे जरा थांबायला हवं. अपूर्णांकाची आडवी रेघ ही कंसाचंच काम करत असते. रेघ होती तोवर क्ष − २० हे दोघे एकत्र बांधलेले होते. रेघ गेली की कंस लिहावाच लागतो, नाहीतर पुढचं वजाचं चिन्ह एकट्या क्ष ला लागतं आणि २० निसटतात. कंस सोडवू:

६क्ष − ६० − ५क्ष + १०० = १२०

वजा पाच गुणिले वजा वीस, म्हणून अधिक शंभर. मग क्ष + ४० = १२०, क्ष = ८०. ताळा: थोरल्याचे ७० क्विंटल शिजले, वाळून १४, धाकट्याचे ६० शिजले, वाळून १०. फरक ४. कंस न लिहिणाऱ्याने तिथे वजा शंभर केलं असतं तर क्ष = २८० आला असता. थोरल्याची वाळलेली हळद ५४, धाकट्याची त्रेचाळीसच्या वर, फरक दहाच्याही पुढे. ताळ्याने ते लगेच पकडलं असतं. परीक्षेत वेळ नाही म्हणून ताळा गाळतात. अपूर्णांकाच्या गणितात मात्र त्याचं अर्धं मिनिट वसूल होतंच.

तिरकस गुणाकाराचाही अनेकांना फार लळा असतो. दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच तो चालतो. डावीकडे दोन अपूर्णांकांची बेरीज असताना तो वापरला की गणित हातचं गेलं. आणि छेदातच क्ष असेल तर शेवटी छेद शून्य तर होत नाही ना, हे बघायचं. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) यात छेद उडवले की क्ष = ३ येतो, पण ३ घातला की छेदच शून्य होतो. या समीकरणाला उकल नाही.

क्ष न मानताही अशी गणितं सुटतात, आणि ती रीत आपल्याकडे किमान आठ-नऊशे वर्षं जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त तिला इष्टकर्म म्हटलं आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ उभारला, त्याचा यादवकाळातला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. ‘लीलावती’तलं भुंग्यांचं गणित प्रसिद्ध आहे: थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलिंध्रावर, या दोन हिश्शांच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी की मालती या घोळात हवेतच राहिला. रीत अशी की छेदांना सोयीची एखादी संख्या धरायची, ५ आणि ३ साठी १५. पाचवा हिस्सा ३, तिसरा ५, फरक २, त्याची तिप्पट ६. मिळून १४, उरला १. गणितातही उरलेला एकच, म्हणजे थवा १५ चाच. उरलेले ४ असते तर थवा चौपट, ६० भुंग्यांचा झाला असता.

आपलं बारा एकरांचं रानही असंच तोंडी निघतं. ६ एकर धरा. निम्मे ३, तिसरा हिस्सा २, उरला १. प्रत्यक्षात उरले २, म्हणून रान दुप्पट, १२ एकर.

दोन भावांच्या हळदीला मात्र ही रीत लागू पडत नाही. तिथे १० आणि २० क्विंटल बेणं ठरलेलं आहे, हळद दुप्पट धरली म्हणून बेणं दुप्पट होत नाही आणि फरकही दुप्पट येत नाही. एका अंदाजाने भागत नाही, तिथे दोन घ्यावे लागतात. आधी ओली हळद २० क्विंटल धरा. थोरल्याचे १० शिजले, वाळून २. धाकट्याचं सगळं बेण्यातच गेलं. फरक २. मग ५० धरा. थोरल्याचे ४० चे ८, धाकट्याचे ३० चे ५, फरक ३. म्हणजे ओली हळद ३० क्विंटलने वाढली की फरक एकाने वाढतो. आपल्याला फरक ४ हवा, तेव्हा ५० वर आणखी ३०: ऐंशी क्विंटल. आणि एकाएका क्विंटलच्या फरकामागे लागणारे हे ३० म्हणजे ५ आणि ६ चा तोच लसावि.