जिथे तुटलं तिथून

सकाळी ९.३०. आल्याआल्या रात्रीचा लॉग बघते. मराठी विकिपीडियाचा डंप, म्हणजे सगळ्या लेखांची एकत्र फाइल, रात्रभर वाचायला लावला होता. पहाटे वीज गेली आणि काम मध्येच तुटलं. लेखांतली वाक्यं वेगळी काढायची आहेत. डंपची एक्सएमएल फाइल मी तुकड्यातुकड्याने पार्सरला देते. पार्सर पुढेच जातो, मागे वळत नाही.

१०.१५. कितव्या बाइटपाशी थांबले एवढा आकडा ठेवून भागत नाही. महाभारताच्या पोथीत मोरपीस ठेवलं की पान सापडतं, पण तिथे वैशंपायन बोलतोय की संजय, हे मागचं वाचल्याशिवाय कळत नाही. कोणते टॅग उघडे आहेत हे पार्सरच्या स्टॅकमध्ये असतं आणि तो स्टॅक विजेबरोबर गेला. म्हणून लेखाच्या मध्ये खूण करूच नये. लेखाचा टॅग बंद झाला की त्या क्षणी फक्त सगळ्यात बाहेरचा, मूळ टॅग उघडा असतो. थांबायची जागा तीच.

११.३०. फाइल बीझिप-टूने दाबलेली. साध्या दाबलेल्या फाइलीत नेहमीच्या साधनांनी मधल्या जागी जायचं तर सुरुवातीपासून उलगडत यावं लागतं. विकिमीडियाने याची छान सोय केली आहे: ‘मल्टीस्ट्रीम’ डंपमध्ये १००-१०० पानांचे गठ्ठे वेगळे दाबून एकापुढे एक जोडलेले असतात. सोबतच्या सूचीत प्रत्येक ओळीवर गठ्ठ्याची जागा, पानाचा क्रमांक आणि शीर्षक, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके. शीर्षकातही तेच ठिपके येतात (‘वर्ग:’, ‘सदस्य:’), म्हणून ओळ पहिल्या दोन ठिकाणीच तोडायची.

दुपारी १.००. पुन्हा सुरू करताना नवा पार्सर. आधी मूळ टॅग हाताने उघडून देते, मग गठ्ठा. शेवटचं पूर्ण झालेलं पान संपेपर्यंत सगळं सोडून देते; फार तर एका गठ्ठ्याचं वाचन पुन्हा होतं.

२.४५. जागा अक्षरांत मोजायची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘विकिपीडिया’ची चिन्हं १०, बाइट ३०.

४.००. सगळ्यात जास्त वेळ इथे देते. खूण आधी लिहिली आणि वाक्यं लिहिण्याआधी वीज गेली, तर एक लेख कायमचा गळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आधी वाक्यं डिस्कवर पक्की, मग खूण. खुणेत गठ्ठ्याची जागा, पानाचा क्रमांक आणि वाक्यांच्या फाइलची त्या वेळची लांबी, तिन्ही हवीतच. परत सुरू करताना त्या लांबीपुढचं कापून टाकते, म्हणजे दुबार वाक्यं राहत नाहीत. खूणही तात्पुरत्या फाइलीत पूर्ण लिहून मगच तिचं नाव बदलते; अर्धवट खूण कधी वाचली जात नाही.

५.४५. काही गठ्ठ्यांवर काम चालू असताना प्रोसेस मुद्दाम मारते, पुन्हा सुरू करते, पुन्हा मारते. तेच गठ्ठे सलग एका दमात वाचून दुसरी फाइल करते. दोन्हींचे चेकसम जुळतात. आता पूर्ण डंप लावायला हरकत नाही.