बुडता बुडता वाचलेली क्रायस्लर

कुर्ल्याच्या प्रीमियर रोडवरून जाणाऱ्या नव्या पिढीला आता कारखाना दिसत नाही; त्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. जुन्या मंडळींना प्रीमियर म्हटले की फियाट आठवते, पद्मिनी आठवते, काळी-पिवळी टॅक्सी आठवते. परंतु या कारखान्याची सुरुवात फियाटने झालेली नव्हती. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली ती अमेरिकेच्या क्रायस्लर कॉर्पोरेशनशी करार करून. १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लायमथ, डीसोटो या गाड्या व ट्रक सुटे भाग जोडून तयार होऊ लागले. छोटी फियाट आली ती पन्नासच्या दशकात. पुढे मुंबईत अमेरिकन गाडी मागे पडली आणि इटालियन गाडी घराघरात पोहोचली. त्याच इटालियन कंपनीने साठ वर्षांनंतर खुद्द क्रायस्लरच विकत घेतली, हे त्या वेळी कुणी सांगितले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते.

व्यापार-उद्योगात पडलेल्या आमच्या वाचकांना या कंपनीचा इतिहास मुद्दाम सांगावासा वाटतो. एवढ्या वेळा बुडायला आलेली आणि एवढ्या वेळा वर आलेली दुसरी मोठी कंपनी आमच्या तरी पाहण्यात नाही.

कंपनीचा संस्थापक वॉल्टर क्रायस्लर हा मुळात रेल्वेचा कारागीर. १८७५ साली कॅन्सस राज्यात जन्मलेला हा मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाडलोट करता करता काम शिकला आणि पुढे वर्कशॉपचा प्रमुख झाला. १९०८ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने एक लोकोमोबाईल गाडी पाहिली. किंमत पाच हजार डॉलर, जवळ शिल्लक सातशे. बाकीचे कर्ज काढून त्याने गाडी घेतली खरी, पण ती चालवली नाही. घरी आणून संपूर्ण खोलली, पुन्हा जोडली, पुन्हा खोलली. आपल्याकडच्या गॅरेजमधले उस्ताद लोकही हात असेच बसवतात. फरक एवढाच की ते गिऱ्हाईकाच्या गाडीवर शिकतात.

नंतर तो ब्यूक कंपनीचा अध्यक्ष झाला. जनरल मोटर्सच्या मालकाशी खटके उडाल्यावर बाहेर पडला आणि आजारी कंपन्या बऱ्या करणारा हकीम म्हणून त्याचे नाव झाले. विलिस-ओव्हरलँड या कंपनीला वाचवण्यासाठी बँकांनी त्याला वर्षाला दहा लाख डॉलर पगार देऊ केला होता. १९२० सालचे दहा लाख! पुढे मॅक्सवेल ही डबघाईला आलेली कंपनी त्याच्या हाती आली. तीतूनच ६ जून १९२५ रोजी क्रायस्लर कॉर्पोरेशन जन्माला आली. म्हणजे या घराण्याचा पायाच मुळी दुसऱ्याच्या दिवाळखोरीवर रचला गेला.

पहिली गाडी आधीच, १९२४ साली आली होती. न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात बाजारात आलेल्या गाड्यांनाच जागा मिळत असे. क्रायस्लरची गाडी अजून विक्रीला आली नव्हती. तेव्हा या गृहस्थाने प्रदर्शनाला येणारे बडे व्यापारी व बँकवाले जिथे उतरत त्या कमोडोर हॉटेलची लॉबीच भाड्याने घेऊन गाडी तिथे उभी केली. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली, मध्यम किमतीत ताशी ७० मैल पळणारी ही गाडी पहिल्याच वर्षी सुमारे ३२ हजार विकली गेली. १९२८ साली त्याने आपल्याहून मोठा कारखाना असलेली डॉज ब्रदर्स शेअर देऊन विकत घेतली आणि त्याच वर्षी प्लायमथ व डीसोटो या नव्या गाड्या काढल्या. डॉजबरोबर मोठी फाउंड्री आणि देशभर पसरलेले विक्रेते मिळाले. आमच्या मते हाच त्याच्या आयुष्यातला सर्वांत शहाणपणाचा सौदा होय. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये ७७ मजल्यांची क्रायस्लर बिल्डिंग पूर्ण झाली. वर्षभर ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. मंदीच्या काळात स्वस्त प्लायमथने तारले आणि तिशीत क्रायस्लरने फोर्डला मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला.

चुकाही तेव्हाच सुरू झाल्या. १९३४ ची एअरफ्लो ही हवेचा विरोध कमी करणारी गाडी काळाच्या पुढची होती, पण तिचे तोंड गिऱ्हाईकाला आवडले नाही. इंजिनिअरांची कंपनी म्हणून क्रायस्लरची ख्याती राहिली. बाजाराची नाडी मात्र तिला नेहमी सापडली असे नाही. वॉल्टर क्रायस्लर १९४० साली वारला.

सत्तरच्या दशकाकडे वळू, कारण खरा बोध तिथे आहे. साठीत कंपनीने युरोपात हातपाय पसरले. फ्रान्सची सिम्का आणि इंग्लंडची रूट्स या कंपन्या घेतल्या आणि दोन्हींनी पैसा खाल्ला. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांचे गिऱ्हाईक जपानी गाड्यांकडे वळले. तरीही क्रायस्लरचे कारखाने धडधडत होते. कुणासाठी? तर कुणासाठीच नाही! विक्रेत्यांच्या ऑर्डर नसतानाही गाड्या बनवायच्या आणि डेट्रॉईटच्या आसपासच्या मैदानांत नेऊन उभ्या करायच्या, अशी तिथे रीत पडली होती. तिला ‘सेल्स बँक’ असे गोंडस नाव होते. तिमाही संपत आली की कंपनीची माणसे फोनला बसत आणि त्या गाड्या सूट देऊन विक्रेत्यांच्या गळ्यात मारत. विक्रेतेही बनेल. तिमाहीच्या शेवटी माल स्वस्त मिळतो हे कळल्यावर आधी ऑर्डर देणार कोण? गाड्या ऊन-पावसात गंजत, मग त्यांची दुरुस्ती कंपनीच्याच खर्चाने होई. हिशेबाच्या वहीत उत्पादन दिसत होते, गल्ल्यात पैसा येत नव्हता.

१९७८ सालच्या जुलैत दुसऱ्या हेन्री फोर्डने आपल्या कंपनीचा अध्यक्ष ली आयाकोका याला काढून टाकले. नोव्हेंबरात तो क्रायस्लरमध्ये आला. इटालियन स्थलांतरितांचा हा मुलगा विक्रीत मुरलेला होता. त्याने सेल्स बँक बंद केली. परंतु तोवर फार उशीर झाला होता. १९७९ साली कंपनीला सुमारे १.१ अब्ज डॉलर तोटा झाला, १९८० साली १.७ अब्ज.

आयाकोका सरकारच्या दारात गेला. मुक्त बाजाराची पोपटपंची करणाऱ्या अमेरिकेत यावर गदारोळ उठला. एक खासगी कंपनी बुडते आहे, तर बुडू द्या, असे म्हणणारे पुष्कळ होते. अखेर ७ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. सरकारने रोख पैसा दिला नाही. दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. अट अशी की सर्वांनी आपापला वाटा सोडावा. कामगारांनी पगारवाढ सोडली, सुमारे चारशे बँकांनी सवलती दिल्या, आयाकोकाने एक वर्ष एक डॉलर पगार घेतला. युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना संचालक मंडळात जागा मिळाली. मोठ्या अमेरिकन कंपनीत हे नवलच होते. एक डॉलर पगाराची गोष्ट जगभर गाजली. ज्यांच्या घरी पगारच यायचा बंद झाला त्यांची गाजली नाही. कंपनीची कामगारसंख्या जवळपास निम्म्यावर आली. डॉज बंधूंनी हॅमट्रॅमॅक येथे उभारलेला ‘डॉज मेन’ हा प्रचंड कारखाना १९८० च्या जानेवारीत कायमचा बंद झाला.

साध्या, काटकसरी, पुढच्या चाकांना गती देणाऱ्या ‘के-कार’ने कंपनी सावरली. सात वर्षे आधीच, १९८३ साली सर्व हमीचे कर्ज फेडले गेले. हमीच्या बदल्यात सरकारला शेअर घेण्याचे हक्क मिळाले होते; ते विकून सरकारी खजिन्यात ३० कोटी डॉलरहून अधिक फायदा जमा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मिनिव्हॅन बाजारात आली. मुलाबाळांच्या कुटुंबाला पुरेल आणि घरच्या गॅरेजमध्येही मावेल अशी ही गाडी म्हणजे फोर्डमध्ये नाकारली गेलेली कल्पना. पुढची अनेक वर्षे तिने क्रायस्लरला पोसले.

जीप आणि माझगाव

१९८७ साली क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स ही कंपनी फ्रेंच रेनोकडून घेतली. नजर होती ती तिच्या जीपवर. जीप ही मूळची विलिस-ओव्हरलँडची, म्हणजे वॉल्टर क्रायस्लरने एकेकाळी सांभाळलेल्या कंपनीचीच. या जीपचे मुंबईशी जुने नाते आहे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्र व के. सी. महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत एक कंपनी काढली. नाव होते महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली येथील पाटीवरचे नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झाले. भागीदारीचे नाव गेले, धंदा मात्र राहिला. माझगावात विलिसच्या जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि त्यावरच पुढचे साम्राज्य उभे राहिले. महिंद्रने अमेरिकेत ‘रॉक्सर’ ही गाडी आणली तेव्हा, २०१८ साली, जीपच्या मालकांनी तिचे रूप आमच्यासारखे आहे म्हणून तक्रार केली आणि महिंद्रला रूप बदलावे लागले.

नव्वदीत क्रायस्लरच्या तिजोरीत इतकी रोकड साठली की तिच्यावरच डोळा ठेवून कर्क कर्कोरियन या धनाढ्याने, निवृत्त आयाकोकाला हाताशी धरून, १९९५ साली कंपनी गिळण्याचा प्रयत्न केला. तो फसला. १९९८ साली जर्मनीची डाइमलर-बेंझ आली. सुमारे ३६ अब्ज डॉलरच्या या सौद्याला ‘बरोबरीच्यांचा संगम’ म्हटले गेले. हळूहळू अमेरिकन अधिकारी गेले, जर्मन आले. बरोबरी आपल्या मनात कधीच नव्हती, अशी कबुली डाइमलरचे प्रमुख श्रेम्प यांनी २००० साली देऊन टाकली. प्लायमथ हे नाव २००१ साली पुसले गेले. २००७ मध्ये डाइमलरने ८० टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला ७.४ अब्ज डॉलरमध्ये दिला. त्यातलाही बहुतेक पैसा क्रायस्लरमध्येच जाणार होता. विकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही.

पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली. पुन्हा सरकार, पुन्हा मदत. आधी बुश, मग ओबामा. या वेळी हमीवर भागले नाही. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लर दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. सहा आठवड्यांत, १० जूनला, नवी कंपनी बाहेर आली आणि तिचा कारभार इटलीच्या फियाटकडे होता. फियाटला सुरुवातीचा २० टक्के हिस्सा रोख पैसा न देता, छोट्या गाड्यांच्या तंत्रज्ञानाच्या बदल्यात मिळाला. निवृत्त कामगारांच्या औषधपाण्यासाठी कंपनीने जो पैसा देणे होते त्याच्या मोठ्या भागाऐवजी त्यांच्या ट्रस्टला ५५ टक्के शेअर देण्यात आले. म्हाताऱ्या कामगाराला डॉक्टरचे बिल भरायचे असते. त्याच्या हाती नुकत्याच दिवाळखोरीतून निघालेल्या कंपनीचे कागद ठेवले गेले. कागदांचे पुढे पैसे झाले, हे खरे. २०१४ च्या जानेवारीत फियाटने ट्रस्टचा उरलेला ४१.५ टक्के हिस्सा ४.३५ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतला. परंतु ती पाच वर्षे त्यांनी कशी काढली असतील!

सर्वांत वाईट गत झाली ती विक्रेत्यांची. कोर्टाच्या आधाराने कंपनीने ७८९ विक्रेत्यांचे करार एका फटक्यात मोडले. त्यांत बापापासून चालत आलेल्या पेढ्या होत्या. कंपनीच्या पडत्या काळात ज्यांनी नको असलेल्या गाड्या उचलल्या त्यांनाही पत्र आले. एजन्सीच्या धंद्यात असलेल्या वाचकांनी आपला करार कपाटातून काढून पुन्हा वाचावा, असे आम्हाला ही हकीकत समजून घेताना वाटले. सरकारला या खेपेला फायदा झाला नाही. दिलेल्या सुमारे साडेबारा अब्ज डॉलरपैकी १.३ अब्ज बुडाले.

फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी जीप आणि रॅम ट्रकवर भर देऊन कंपनी पुन्हा कमावती केली. आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास तयार होऊ लागली आणि तेथून इंग्लंड-ऑस्ट्रेलियालाही गेली. मार्किओने २०१८ साली वारले. जानेवारी २०२१ मध्ये फियाट-क्रायस्लर आणि फ्रान्सची प्यूजो मिळून चौदा नावांच्या गाड्यांची स्टेलँटिस ही कंपनी झाली. १९७८ साली पैशाच्या अडचणीत क्रायस्लरने आपला युरोपातील सारा धंदा ज्या प्यूजोला विकला होता, तीच ही प्यूजो.

नव्या मालकांनी अमेरिकेत गाड्यांचे भाव चढते ठेवले आणि विक्रेत्यांकडे न विकलेला माल पुन्हा साठू लागला. कंपनीचा नफा २०२३ मधील १८.६ अब्ज युरोवरून २०२४ मध्ये ५.५ अब्जांवर आला आणि प्रमुख कार्लोस तावारेस यांना त्या वर्षीच्या डिसेंबरात पद सोडावे लागले. क्रायस्लर नावाची ‘३००’ ही शेवटची सेडान २०२३ च्या अखेरीस बंद झाली. वॉल्टर क्रायस्लरचे नाव मिरवणारी एकच जात मग शोरूममध्ये उरली. ती म्हणजे मिनिव्हॅन.