साथीचे शासन : व्हेनिसपासून गडबपर्यंत

साथीच्या नियंत्रणाचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला. मुंबईहून आगबोटीने धरमतरला व तेथून पेण तालुक्यातील गडबसारख्या गावांकडे जाणारी वाट त्याही काळी रुळलेली होती; परंतु उपाययोजनेची निकड ठरली ती या वाटेने नव्हे, तर सुएझच्या वाटेने. जहाजे व हाजचे यात्रेकरू यांच्यामार्फत रोग आपल्याकडे येईल, या भीतीने युरोपीय राष्ट्रांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिस येथे परिषद भरविली. त्याच महिन्यात, परिषदेच्या थोडे आधी, हिंदुस्थान सरकारने साथरोग कायदा घाईने संमत केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा; पण त्याने सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद सत्ता दिली. व्यापार बंद पडू नये, हा त्यामागील एक प्रबळ हेतू होय.

पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगा उसळला, त्यानंतर सक्तीचे धोरण सौम्य झाले. परकी राष्ट्रांची खात्री पटविण्यासाठी योजलेल्या उपायांनी घरच्याच लोकांचा विश्वास गमावला, असे म्हणावे लागते.

‘क्वारंटाइन’ हा शब्दही व्हेनिसचाच. त्याच्या मुळाशी ‘चाळीस’ हा संख्यावाचक आहे. २०२० मध्ये शासकीय परिपत्रकांतून त्यासाठी ‘अलगीकरण’ रूढ झाला आणि चाळिसांचे चौदा दिवस झाले. हा चौदाचा अंक जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतला. गणेशोत्सवासाठी कोकणात परतणाऱ्या चाकरमान्यांना मात्र तो जड होता, कारण रजा तेवढी नसते. मूर्तिकारांच्या पेणमध्ये हे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने ती मुदत दहा दिवसांवर आणली. येणाऱ्यांच्या मुक्कामाची व्यवस्था व त्यांच्यावरील देखरेख यांचा भार मात्र गावोगावच्या ग्रामपंचायतींवर पडला.

मे २०२५ मध्ये स्वीकृत झालेल्या जागतिक महासाथ करारात, संघटनेस कोणत्याही राष्ट्रावर टाळेबंदी लादण्याचा अधिकार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. राष्ट्राचे सार्वभौमत्व येथे राखले गेले. राष्ट्रांतर्गत अधिकारांची वाटणी ज्याच्या त्याच्या कायद्यावर सोडली आहे. आपल्याकडे २०२० मध्येही लागू करण्यात आला तो १८९७ चाच कायदा, आणि त्याने अधिकार दिले आहेत ते राज्य व केंद्र शासनांस. गडबच्या ग्रामपंचायतीस नव्हेत.