अहवालांच्या आरशातील जमैका

जमैका म्हटले की आपल्याकडील वाचकाला वेगवान गोलंदाज, विक्रमी धावपटू आणि बॉब मार्ले यांची गाणी आठवतात. परंतु सुमारे २८ लाख लोकवस्तीच्या या कॅरिबियन बेटाची आणखी एक ओळख आहे. गेल्या दीडशे वर्षांत त्याच्या अर्थकारणाविषयी आणि समाजजीवनाविषयी सरकारी अहवाल व अभ्यासग्रंथ विपुल प्रमाणात लिहिले गेले. ते क्रमाने वाचले असता, एखाद्या समाजाविषयी कोण लिहितो यावर काय काय अवलंबून असते हे ध्यानात येते.

या परंपरेचा आरंभ रक्तरंजित आहे. १८६५ मध्ये मोरांट बे येथे गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि गव्हर्नर एडवर्ड आयर याने तो निर्दयपणे चिरडला. लंडनने नेमलेल्या शाही आयोगाने ४३९ जणांना ठार मारल्याची, सहाशेहून अधिक लोकांना फटके मारल्याची आणि सुमारे एक हजार घरे जाळल्याची नोंद केली. ज्यांना न्याय मिळाला नाही, त्यांची निदान मोजदाद तरी झाली. सरकारी कागदाचे हे पहिले मोल होय.

मात्र सरकारी कागद नेहमीच इतका स्पष्टवक्ता नसतो. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून जमैकात नेले गेले. ही पद्धत सर्वत्र बंद करावी, असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला. पुढे १९१३ मध्ये भारत सरकारने जेम्स मॅकनील आणि चिमणलाल यांना वसाहतींच्या पाहणीसाठी पाठविले. जमैकासह अनेक ठिकाणी जाऊन आलेल्या या द्वयीने स्त्रियांची अल्प संख्या, मजुरांना होणाऱ्या शिक्षा आदी दोष नोंदविले. तरीही एकंदरीत या पद्धतीचे लाभ अधिक आहेत असा निष्कर्ष काढला. भारतातील लोकमताने तो स्वीकारला नाही आणि १९१७ मध्ये मजूरभरती थांबली. अहवालातील तपशील खरा असूनही त्याचा निष्कर्ष अमान्य होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१९३८ मध्ये फ्रोम येथील साखर कारखान्याच्या परिसरात वेतनावरून दंगल उसळली आणि असंतोष बेटभर पसरला. त्यानंतर लॉर्ड मॉइन यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने ब्रिटिश वेस्ट इंडिजचा दौरा केला. मोडकळीस आलेल्या झोपड्या, कुपोषण, बेकारी आणि शाळांची दुरवस्था यांचे त्याने केलेले वर्णन इतके भेदक होते, की शत्रूला प्रचाराचे साधन मिळेल या भीतीने सरकारने १९४० मध्ये केवळ शिफारशी प्रसिद्ध केल्या. संपूर्ण अहवाल युद्धसमाप्तीच्या वेळी, १९४५ मध्ये बाहेर आला.

याच आयोगाने विवाहबाह्य संततीच्या मोठ्या प्रमाणाविषयीही चिंता व्यक्त केली होती. तिला अनुसरून चाळिसाच्या दशकात गव्हर्नरांच्या पत्नीच्या पुढाकाराने सामूहिक विवाहांची मोहीम राबविण्यात आली. काही काळ विवाहांची संख्या वाढली आणि पुन्हा घसरली. असे का झाले, याचे उत्तर एडिथ क्लार्क या जमैकन संशोधिकेने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले. त्यांनी तीन वस्त्यांचा अभ्यास केला. सुस्थितीतील शेतकऱ्यांच्या गावात विवाह हीच रीत होती. गरीब गावात स्त्री-पुरुष विवाहाविना दीर्घकाळ संसार करीत. तर ऊसतोडणीच्या हंगामात बाहेरून मजूर येत त्या वस्तीत नाती हंगामापुरती टिकत. ज्याला सरकार नीतीचा प्रश्न समजत होते, तो बहुतांशी जमिनीचा आणि रोजगाराचा प्रश्न होता. घर आणि नियमित मिळकत असल्याखेरीज लग्नाची जबाबदारी घेऊ नये, ही तेथील लोकांचीच धारणा होती. ऊसतोड कामगारांची स्थलांतरे पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला या विवेचनाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

क्लार्क यांचे कार्य एकाकी नव्हते. १९४८ मध्ये किंग्स्टनजवळील मोना येथे विद्यापीठ महाविद्यालय आणि सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे नियतकालिक १९५३ पासून निघू लागले. सेंट लुशियात जन्मलेले आणि १९७९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे आर्थर लुईस यांचे नाव आज या संस्थेला दिलेले आहे. बेटाविषयीचे ज्ञान बेटावरच निर्माण होऊ लागले.

१९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला. आता तेथील नियोजन संस्था दरवर्षी आर्थिक व सामाजिक पाहणी प्रसिद्ध करते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या राहणीमान सर्वेक्षणातून दारिद्र्य, आरोग्य आणि शिक्षण यांचे मापन होते. कर्जाचा बोजा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दीडपटीजवळ पोहोचला असताना, २०१३ मध्ये आर्थिक सुधारणांवर देखरेखीसाठी सरकार, उद्योजक आणि कामगार संघटना यांच्या प्रतिनिधींची समिती नेमली गेली. कोणते उद्दिष्ट गाठले, कोणते हुकले, हे ती जनतेला जाहीरपणे सांगत असे. पुढील दशकात हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्याचे श्रेय केवळ अहवालांना देता येणार नाही. पण लपविलेल्या आकड्यांवर एवढा दीर्घ त्याग लोकांकडून मागता आला नसता, हेही खरे.

अहवाल हे फडताळात ठेवण्याचे रुक्ष कागद आहेत, असा आपला समज असतो. जमैकाचा अनुभव निराळे सांगतो. राज्यकर्त्यांनी प्रजेविषयी लिहिलेला अहवाल आणि नागरिकांनी आपल्याविषयी लिहून सर्वांसमोर ठेवलेला अहवाल, यांतील अंतर म्हणजेच त्या बेटाच्या स्वातंत्र्याची वाटचाल होय.